नकाशा फुकट, मोजणी कुणाच्या खर्चानं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'फुकट ते पौष्टिक' असं आपण गमतीनं म्हणतो. आता असं बघा, आपल्या गटाचा सातबारा घरबसल्या मोबाइलवर बघता येतो. गावाचा नकाशा बघता येतो. शेजाऱ्याचा सातबाराही बघता येतो, आणि खरं तर तोच आधी बघितला जातो! पैसा पडत नाही. तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. पण तोच कागद घेऊन बँकेत जा. साहेब म्हणतील, ही प्रत नुसती माहितीसाठी आहे, डिजिटल सहीची आणा. त्या प्रतीला १५ रुपये पडतात. १५ रुपये काही फार नव्हेत. पण ते ऑनलाइन भरायला ज्याला येत नाही, तो तालुक्याला जातो. एसटीचं भाडं, सेवा केंद्रवाल्याचे पैसे, बुडालेला रोजगार. आणि एवढं करून सातबाऱ्यावर नावाची वेलांटी चुकलेली असली, की पुढचा सगळा प्रवास वेगळाच.

फुकटातला हा जो न दिसणारा खर्च आहे, त्याच्याविषयी आज बोलायचं आहे. सरकारनं नकाशे आणि जमिनीची माहिती सर्वांना खुली करावी, असा जगभर सूर आहे. त्याला ओपन डेटा म्हणतात. मी त्याच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण जेवणावळ फुकट असली तरी चुलीपाशी कुणीतरी घाम गाळत असतोच, आणि वाण्याचं बिलही कुणाच्या तरी नावावर चढत असतं. ते कुणाच्या, एवढं तरी पंगतीत बसणाऱ्यानं विचारावं.

आपल्याकडे नकाशा ही फार काळ लपवून ठेवायची वस्तू होती. भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ सालचा. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हा देश मोजला जाऊ लागला. लॅम्ब्टनला मरण आलं ते आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, १८२३ मध्ये. मोजणी चालू असतानाच. त्याची कबर तिथं आहे. हा सगळा खटाटोप कंपनी सरकारला लष्करासाठी आणि साऱ्यासाठी हवा होता, रयतेला नकाशे वाटायला नव्हे. स्वातंत्र्यानंतरही ती सवय सुटली नाही. सीमेलगतचे आणि किनाऱ्याचे नकाशे सामान्य माणसाला मिळायचे नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं लष्करासाठी वेगळी आणि लोकांसाठी वेगळी अशा दोन मालिका केल्या. २०१७ मध्ये लोकांसाठीच्या मालिकेतले नकाशे संकेतस्थळावरून फुकट घ्यायची सोय झाली, तीही आधार क्रमांक देऊन. मधेच २०१६ मध्ये एका विधेयकाचा मसुदा आला होता. परवानगीशिवाय भौगोलिक माहिती गोळा केली किंवा चुकीचा नकाशा काढला तर १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि ७ वर्षांपर्यंत कैद! ते विधेयक पुढं गेलं नाही, आणि १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारनं बरोबर उलटी दिशा धरली. भारतीय कंपन्यांना नकाशे करायला पूर्वपरवानगीच नको असं ठरलं. परदेशी कंपन्यांना मात्र फार बारकाव्याचे नकाशे स्वतः करता येत नाहीत, भारतीय कंपनीकडून घ्यावे लागतात. पाच वर्षांत कुलूप बदललं नाही, दारच काढून टाकलं.

दार उघडलं, पण आतला माल कुणी भरला?

इथं थोडं मागं जायला हवं. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला, १८२० च्या दशकाच्या अखेरीस, पुण्याच्या भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं जमिनीची मोजणी आणि आकारणी केली. कागदावर ती फार शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न किती, खर्च किती, याचा हिशेब. पण तो हिशेब गोळा करणारे खालचे कारकून होते, त्यांच्यावर देखरेख नव्हती, लाच घेऊन माळरानाला काळी आणि काळीला माळरान लिहिलं गेलं. त्यावर सारा ठरला. तो इतका जड झाला, की लोकांनी शेतं टाकली, गावं सोडली. शेवटी विंगेट आणि गोल्डस्मिड या दोघांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून पुन्हा नव्यानं सुरुवात केली, आणि ती पद्धत मुंबई इलाख्यात रुजली. प्रिंगलच्या मोजणीत चूक सरकारची होती, किंमत मोजली कुणब्यानं. ही गोष्ट मला या विषयात फार महत्त्वाची वाटते. माहिती चुकली की बिल नेहमी खालच्या अंगाला वाहत येतं.

त्या मोजणीचं मुख्य हत्यार शंकू-साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे केलेले. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपल्या जिभेवरचा गुंठा हा असा साखळीतून आलेला आहे. ही साखळी ओढून ओढून ताणली जायची, मग ती अधूनमधून प्रमाण मापाशी ताडून बघावी लागायची. म्हणजे माप घ्यायला जसा खर्च, तसाच मापाचं माप घ्यायलाही खर्च. आज साखळीच्या जागी उपग्रहाशी बोलणारं यंत्र आलं. त्या यंत्राला अचूकपणा यावा म्हणून जमिनीवर कायमची संदर्भ केंद्रं उभारावी लागतात. ती चोवीस तास चालू ठेवावी लागतात. त्यांना वीज लागते, राखणदार लागतो, दुरुस्ती लागते. नकाशाच्या चौकटीत यातलं काहीच उमटत नाही.

(जाता जाता एक सांगतो. नकाशा, हद्द, मौजे, तालुका, जिल्हा, मिळकत, कब्जा, नक्कल, इनाम हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेनं आलेले आणि आता मराठीत इतके मुरले, की त्यांच्याशिवाय बांधावरचं साधं भांडणसुद्धा करता येणार नाही. जमिनीच्या कागदात भाषांनी एकमेकींना दिलेला कब्जा कुणी हरकतीला घेतलेला नाही.)

गावठाणाचं उदाहरण घ्या. जुन्या मोजणीत शेतं मोजली, कारण सारा शेतावर होता. घरं दाटीवाटीनं असलेलं गावठाण बहुतेक ठिकाणी तसंच राहिलं. २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारनं स्वामित्व योजना आणली आणि ड्रोननं गावठाणं मोजायला सुरुवात झाली. ड्रोन घटकाभरात गाव पालथं घालतो. पण तो उडण्यापूर्वी प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारावी लागते, म्हणजे वरून ती दिसते. ही रेघ कोण मारतं? ग्रामपंचायतीचा शिपाई आणि त्या घरातली माणसं. आणि चुना टाकण्याआधी भावाभावांनी, शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी हद्द कुठली ते कबूल करावं लागतं. परसातल्या नारळाच्या अल्याड की पल्याड? मोरी कुणाची? तीस वर्षं पोटात ठेवलेली भांडणं त्या एका दुपारी बाहेर येतात. ड्रोनचा खर्च अंदाजपत्रकात असतो. ही समजूत काढण्याची मेहनत कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही, आणि नकाशाचा खरा पाया मात्र तीच असते.

२०२५ मध्ये वक्फच्या मिळकतींची माहिती केंद्राच्या 'उमीद' पोर्टलवर भरायचं फर्मान निघालं. ६ जूनला पोर्टल सुरू झालं, मुदत सहा महिन्यांची. त्या कायद्याच्या बऱ्या-वाईटाविषयी इथं मला काही म्हणायचं नाही. मी फक्त हिशेबाचं बोलतो. आडगावातल्या एखाद्या लहान मशिदीचा वयस्कर मुतवल्ली, त्याच्याजवळ असतो एक जुना उतारा, घडीवर फाटलेला. त्याची मापं, जागेचे अक्षांश-रेखांश, स्कॅन केलेले कागद, हे सगळं त्यानं भरायचं. देवस्थानाचा गुरव असता तरी त्याची हीच गत झाली असती. माहिती सरकारी खात्यात जमा होते, ती भरण्याची मजुरी मात्र ज्याची त्याच्याकडे.

आता कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. पाणी.

पंचगंगेला नाव पाच नद्यांचं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार डोळ्यांना दिसतात. पाचवी सरस्वती, गुप्त. प्रयाग चिखलीच्या संगमावर नमस्कार पाचींना करायचा. सर्वेक्षण विभागाच्या कुठल्याही कागदावर ती पाचवी सापडणार नाही, पण आपल्या पूर्वजांनी तिला हिशेबातून वगळलं नाही.

पावसाळ्यात अख्खं शहर राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर नजर ठेवून असतं. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. मधे अंतर किती? चार फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेलं, तेव्हा हे आकडे लहान मुलांनाही पाठ झाले. हा आकडा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येतो, फुकट. पण भर पावसात रात्री दोन वाजता पट्टीवरचा आकडा वाचणारा माणूस, किंवा यंत्र असेल तर ते गाळ साफ करून चालू ठेवणारा माणूस, फुकट नसतो. एखाद्या वर्षी खर्चात कपात करायची वेळ आली, तर तो पहिल्यांदा आठवतो, कारण तो कुणाला दिसतच नाही.

याच्याहून सूक्ष्म गोष्ट पुढं आहे. पूर आला की पाणी कुठंवर येईल हे काढायला जमिनीची उंची माहीत असावी लागते. उपग्रहावरून आणि अंतराळयानातून घेतलेली उंचीची माहिती आज जगात फुकट मिळते. अमेरिकेची आहे, आपल्या इस्रोचीही 'भुवन' या संकेतस्थळावर आहे, ते २००९ मध्ये सुरू झालं. कुणीही हुशार मुलगा ती उतरवून घेऊन संगणकावर कोल्हापूरचा पूरनकाशा काढू शकतो. रंगीत, देखणा. पण या फुकट माहितीत उंचीची चूक काही मीटरांची असू शकते. ती साधारण ३० मीटरांच्या चौकोनाला उंचीचा एकच आकडा देते, आणि दाट वस्तीत तो घराच्या छपराचा की रस्त्याचा, याचीही खात्री नसते. आणि आपला इशारा नि धोका यांतलं अंतर चार फूट, म्हणजे सव्वा मीटरसुद्धा नाही! डोंगराचा उतार बघायला ही माहिती उत्तम. शाहूपुरीतल्या एखाद्या गल्लीत पाणी उंबऱ्याशी थांबेल की चुलीत शिरेल, हे सांगायला ती निरुपयोगी. नकाशा दोन्ही गोष्टी सारख्याच ठामपणे सांगतो. त्याला चाचरता येत नाही. माणूस चाचरला की आपण ओळखतो, रंग चाचरत नाहीत.

ज्याला बारीक उंची हवी त्याला माणसं लावून किंवा विमानातून लेझरनं मोजणी करावी लागते. ती महाग असते. म्हणून मोह असा होतो, की फुकट मिळतंय ते वापरू. खर्च वाचतो तो कार्यालयाचा. तो नंतर कुणाच्या तरी भिजलेल्या धान्याच्या कणगीतून वसूल होतो.

पाटबंधारे खातं नदीला दोन रेषा आखतं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मधे नियंत्रण. आपल्याकडे २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत आले, त्यामुळे 'शंभर वर्षांत एकदा' या शब्दांवर आता कुणाचा विश्वास बसत नाही, तो भाग वेगळा. या रेषा लोकांना दिसल्याच पाहिजेत. पण त्या ज्या दिवशी उघड होतात त्या दिवशी काय होतं? ज्याला नकाशा वाचता येतो, ज्याचा वास्तुरचनाकार आहे, वकील आहे, तो हरकत घेतो, फेरमोजणी मागतो. ज्याची दोन गुंठ्यांवरची पत्र्याची खोली त्याच रेषेत आली, त्याला ती बातमी गिऱ्हाईक तुटल्यावर कळते. माहिती दोघांनाही सारखीच खुली होती.

आणि रेषेबाहेरच्यांचं काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं तेव्हा सरकारनंच सांगितलं. यादीत नाव नसणं याचा अर्थ 'तपासून बघितलं, धोका नाही' असाही होतो आणि 'तपासलंच नाही' असाही. नकाशावर दोन्ही कोरेच दिसतात. तिथं तपासायला माणूस पाठवण्याचा खर्च झाला नाही, एवढंच ती कोरी जागा सांगत असते, पण सांगते फार हळू आवाजात.

फायदा कुणाला होतो, याचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. कर्नाटकानं २००० च्या सुमाराला 'भूमी' नावाचा प्रकल्प केला. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी उताऱ्यांचं संगणकीकरण. जगभर वाहवा झाली, आणि ती खोटी नव्हती. लाच न देता उतारा हातात पडणं ही शेतकऱ्याच्या दृष्टीनं लहान गोष्ट नाही. पण २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या आसपास अभ्यास केला, तेव्हा चित्राची दुसरी बाजू दिसली. पूर्वी माहिती गावोगावच्या दप्तरांत विखुरलेली होती. ती एका जागी आल्यावर तिचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो मोठमोठ्या जमिनी एकगठ्ठा घेऊ पाहणाऱ्यांना. लाचही संपली नाही. उलट निर्णय गावातून उठून वर गेले, तशी ती महाग झाली, असं त्यांना आढळलं. कुठल्या गटाला वारस नाही, कुठल्या उताऱ्यावर बोजा आहे, कुठं विधवेचं एकटीचं नाव आहे, हे पूर्वी गावातल्या चार माणसांना ठाऊक असायचं. आता ते कुठल्याही शहरात बसलेल्या माणसाला बघता येतं. ती चार माणसं काही साधुसंत नव्हती हे मला माहीत आहे. तरीही फरक पडतोच.

बरं, हे सगळे खर्च अटळच आहेत का? तसं नाही. डेन्मार्कसारख्या चिमुकल्या देशानं हा हिशेब आधी मांडला आणि मग दार उघडलं. तिथं पत्त्यांची माहिती, म्हणजे प्रत्येक घर नकाशावर नेमकं कुठं आहे ते, नगरपालिका विकत असत. २००२ मध्ये ती सर्वांना फुकट करायचं ठरलं, तेव्हा केंद्र सरकारनं नगरपालिकांचं बुडणारं उत्पन्न भरून द्यायचा करार केला. पुढं हिशेब निघाला. २००५ ते २००९ या काळात थेट फायदा सुमारे ६ कोटी २० लाख युरो, आणि त्या करारावर २००९ पर्यंतचा खर्च सुमारे २० लाख युरो. म्हणजे खुलेपणा परवडतो, दणकून परवडतो. पण ते वीस लाख कुणीतरी समजून-उमजून दिले होते. उलट ब्रिटनमध्ये २०१३ साली टपाल खातं खासगी केलं, तेव्हा देशभरच्या पत्त्यांची यादीही त्याच्याबरोबर गेली, आणि मग २०१६ मध्ये सगळ्यांना खुली अशी यादी कशी करावी याचा विचार करायलाच सरकारला ५० लाख पौंडांची तरतूद करावी लागली. घरचं गहाण टाकून तेच बाजारातून आणायचं, असा तो व्यवहार. अमेरिकेनं लँडसॅट उपग्रहाची छायाचित्रं २००८ मध्ये फुकट केली. त्याआधी विक्री सर्वांत चांगली होती त्या वर्षी सुमारे २५ हजार छायाचित्रं गेली होती, नंतर ती वर्षाला लाखांनी उतरवली जाऊ लागली. पण तिथंही नवा उपग्रह पाठवायची वेळ आली की पैशाची ओरड होतेच. जे विकलं जात नाही त्याची किंमत वित्त खात्याला पटवून देणं सोपं नसतं.

आपल्याकडे नेमकं इथंच पाणी मुरतं. माहिती गोळा करायला योजना असते, उद्घाटन असतं, फीत असते. ती ताजी ठेवायला काही नसतं. खातेफोड होते, विहीर पडते, ओढा बुजतो, नवा रस्ता निघतो, आणि नकाशा आहे तिथंच. शिवाय शेताची नावं. थळ, पाणंद, मळा, टेक, डाग, बिरोबाचा माळ, पिराचा माळ. गट नंबर पडले तशी ही नावं कागदावरून उतरली, आता ती म्हाताऱ्यांच्या तोंडातच उरली आहेत. ओढ्याकाठच्या शेताला 'दलदल' म्हणत असतील, तर तिथं प्लॉट पाडू नये एवढी अक्कल त्या नावात असते. गट क्रमांकात ती नसते.

मला विचाराल तर तीन-चार साध्या गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. प्रत्येक खुल्या नकाशावर तो कधीच्या मोजणीचा आणि त्यात चूक किती असू शकते हे मोठ्या अक्षरांत लिहावं, औषधाच्या बाटलीवर मुदत असते तसं. संगणकावर चढवताना झालेली चूक दुरुस्त करण्याचा हेलपाटा नागरिकाचा नसावा. आज तहसीलदाराकडे कलम १५५ खाली अर्ज करत फिरतो तो शेतकरी, चूक कुणाच्याही बोटानं झालेली असो. आणि या माहितीवर ज्या कंपन्या मोठा धंदा करतात, त्यांनी चुका सापडल्यावर त्या परत सरकारी दप्तरात कळवाव्यात. उसनं नेलेलं भांडं निदान रिकामं तरी परत करू नये, ही आपल्याकडची रीतच आहे.

चौथी गोष्ट आपल्या नदीकाठची. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या कित्येक गावांत लोकांनी २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठंवर आलं होतं त्याची रेघ घराच्या, देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर ओढून ठेवली आहे. तेलरंगानं, कुठं विटेच्या तुकड्यानं. खाली तारीख. अवकाशातून घेतलेल्या उंचीत काही मीटरांची चूक असते, या रेघेत फार तर काही इंचांची. एक मोजणीदार, एक लेव्हलचं यंत्र, सोबत गावातला एक पोरगा, असं पथक पावसाळ्याआधी गावोगाव फिरलं तर या सगळ्या रेघांची उंची कागदावर येईल. घरांना पुन्हा रंग द्यायच्या आत हे व्हायला हवं. दिवाळीला दरवर्षी काही रेघा जातात.